चार क्रमांकाची मिनिटं

१

त्या ऑफिसात नवीन माणूस आलं की काम सांगण्याआधी कोच त्याला भिंतीशी उभं करायचे. पाठ टेकवून उंची मोजायची. मग कागदाचे दहा बोळे करून कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत टाकायला लावायचे. जितके आत जातील ते त्याचं नेमाचं रेटिंग. जिना तीनदा चढून-उतरून आलं की दमसास. अशी सगळी मापं घेऊन झाली की त्या माणसाचं कार्ड तयार व्हायचं आणि तो ऑफिसच्या टीममध्ये दाखल व्हायचा.

ऑफिस बास्केटबॉलचा सिम्युलेशन गेम चालवायचं. पडद्यावर ना चेंडू दिसायचा, ना खेळाडू. नुसती कार्डं, कार्डांवरचे आकडे आणि सामना सुरू झाला की भराभर उमटणाऱ्या ओळी : अमक्या क्रमांकाने पास दिला, तमक्याने बास्केट केली. हजारो लोक घरबसल्या आपापली टीम बांधून या ओळींवर जीव टाकायचे.

धाकटीचे दहापैकी दोन बोळे टोपलीत गेले. दादा पोट धरून हसला.

"सहा वर्षं लांब राहून हेच शिकलीस होय?"

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, इथला प्रोग्रामर. ती दूरच्या विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकून नुकतीच घरी परतली होती, आणि त्यानेच कोचच्या कानावर घालून तिला इथे लावलं होतं.

"आता शेवटचं," कोच म्हणाले. "चाहूल. भिंतीकडे तोंड कर. हा तुझा दादा एक ते दहा आकडे म्हणेल. प्रत्येक आकड्याला मी तुझ्या मागे येऊन उभा राहीन, नाहीतर जागचा हलणारही नाही. मागे कोणी आहे असं वाटलं की हात वर. वळायचं नाही."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नाकासमोर खुंटीवर एक तपकिरी जाकीट लटकत होतं. कॉलरवर धूळ बसलेली. दादा सावकाश आकडे म्हणत गेला. मानेमागची हवा जड झाल्यासारखी वाटली की ती हात वर करी. आठ वेळा केला.

"किती बरोबर?" तिने वळून विचारलं.

कोच हसले, पण जरा उशिराने. "मी पाचदाच आलो."

"म्हणजे तीनदा चुकले."

"बचावाला भित्री माणसंच बरी," असं म्हणत कोचनी तिच्या कार्डावर नव्वद लिहून टाकलं.

"आणि हे जाकीट कोणाचं?"

"पहिल्या प्रोग्रामरचं. सगळा गेम त्या पठ्ठ्याने एकट्याने लिहिला. एका दुपारी दिसेनासा झाला तो झालाच. जाकीटसुद्धा नेलं नाही."

दादा या वेळी हसला नाही. त्याच्या स्वतःच्या कार्डावर चाहूल चौऱ्याण्णव होती.

२

गेम खेळणाऱ्या लोकांत एक जुना वाद होता. उंची वाढवली की टीम जिंकते, नेम वाढवला की जिंकते, हे कोणालाही दिसत होतं. पण चाहूल? काहीजण शपथेवर सांगत की चाहुलीवाचून बचाव नाही. काही म्हणत, तो आकडा नुसता शोभेचा आहे, टाय लावल्यासारखा.

धाकटीने पहिल्याच आठवड्यात हा वाद मनावर घेतला.

"दादा, तू प्रोग्राम वाचलायस ना? चाहूल कुठे वापरलीय?"

"हारजितीत कुठेच नाही."

"म्हणजे आपण लोकांना खोटा आकडा दाखवतोय!"

"अगं, एक आकडा. कोणाचं काय बिघडतंय?"

"माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो. जो आकडा काहीच करत नाही तो दाखवायचाच नाही. आणि जो काही करतो तो लपवायचा नाही. यात मधलं काही नसतं, दादा."

"आल्या आमच्या पंडितबाई," दादा म्हणाला. पण मग खुर्चीत मागे रेलला. "पडताळून बघायचं तर बघ. पण घाई करू नकोस."

पडताळा तसा साधा असतो. दोन टीम घ्यायच्या, केसाइतकाही फरक नसलेल्या. मग एकच आकडा वेगळा ठेवायचा आणि दोघींना आपसात लढवायचं. एकदा नाही, दहा हजार वेळा. फरक पडत असेल तर दिसल्याशिवाय राहत नाही.

नवे खेळाडू बनवायचा कंटाळा म्हणून तिने ऑफिसचीच टीम उचलली. कोच, दादा, दारावरचा रखवालदार, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आणि ती स्वतः. दादाचा क्रमांक चार, तिचा सात. पाचही कार्डांच्या नकला केल्या. एका टीमची चाहूल शून्य, दुसरीची नव्याण्णव. सकाळी दहाला सामने सुरू केले आणि दोन-तीन मिनिटं आतल्या खोलीतल्या मशीनचा पंखा घरघरत राहिला.

शून्यवाली टीम जिंकली पाच हजार बारा वेळा. नव्याण्णववाली चार हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी वेळा. नाणं उडवलं असतं तरी असंच आलं असतं.

"शोभेचा आकडा!" ती नाचतच बाहेरच्या खोलीत गेली. "कोच, शुक्रवारी जाहीर करायचं. चाहूल काढून टाकतोय."

"काढ बाई," कोच म्हणाले. "तेवढाच माझा भिंतीचा खेळ बंद."

३

दुपारी आतल्या खोलीत मशीनपाशी बसून तिने उगाच, कामाच्या सवयीने, बेरजा तपासल्या.

सामना चाळीस मिनिटांचा. मैदानावर एका टीमचे पाचजण. कोणी कितीही आत-बाहेर केलं तरी टीमच्या सगळ्या मिनिटांची बेरीज दोनशे यायलाच हवी. दहा हजार सामन्यांत ती येतही होती. काही सामने सोडून. त्यांत एकशे शहाऐंशी. एकशे एक्क्याण्णव. एकात एकशे सत्तर.

तिने ते सामने उघडले. दुखापत झाल्याची ओळ नव्हती, बदली खेळाडू आल्याची नव्हती. मध्येच कुठेतरी एका खेळाडूच्या नावे ओळी यायच्या थांबत आणि पुढचा सारा वेळ त्याची टीम चौघांनी खेळे. बाकीचे चौघे त्याला पास देत नसत, शोधत नसत. जणू पहिल्यापासून चौघेच होते.

शून्यवाल्या टीमचे असे सामने सदतीस. नव्याण्णववाल्या टीमचेही सदतीस.

प्रत्येक सामन्यात थांबलेला खेळाडू क्रमांक चार.

प्रोग्राममध्ये कुठेतरी दोष असणार, ती मनाशी म्हणाली. चार या आकड्याशी अडखळणारी एखादी ओळ. दादाला दाखवलं की तो पाच मिनिटांत पकडेल. ती मधल्या खोलीत गेली आणि दारातच थबकली.

दादाने टेबल फिरवलं होतं. इतकी वर्षं तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. आता खिडकीकडे तोंड करून, सगळ्या खोलीकडे पाठ करून बसला होता आणि काहीतरी गुणगुणत होता.

ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

लहानपणापासून तिला हे कधी जमलं नव्हतं. लपंडावात, माजघरात, जिन्यात, कितीही पाय न वाजवता गेलं तरी चार पावलांवर तो न वळता म्हणायचा, "ये." कधीकधी ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत असतानाही तिला त्याचं ते "ये" ऐकू यायचं. मी तर इथे आहे, मग हा कोणाला बोलावतोय, असं वाटून तिला हसू यायचं.

ती मागे उभी होती. दादा गुणगुणत होता. पूर्ण दोन मिनिटं गेली.

"दादा."

तो केवढ्याने दचकला! "अगं, मेलो असतो ना! कधी आलीस?"

तिने कागद पुढे केले. शून्यवाल्या टीमच्या सामन्यांत चार क्रमांकाची शेवटची ओळ नेहमी एकच होती : पास घेतला. बस्स, त्यापुढे काही नाही. नव्याण्णववाल्या टीमच्या सामन्यांतही शेवटची ओळ तीच; पण तिच्याआधी दहा-दहा, वीस-वीस वेळा एक निराळी ओळ उमटली होती.

चार : मागे पाहिलं.
चार : मागे पाहिलं.
चार : मागे पाहिलं.

"ही ओळ कुठली?" दादाने कपाळाला आठ्या घातल्या. "गेममध्ये दोनशे बारा ओळी आहेत, त्यातली एकूणएक मला पाठ आहे. 'मागे पाहिलं' अशी ओळच नाही."

"मग छापली कोणी?"

"जुन्या माणसाने कुठेतरी दडवली असेल. बघू उद्या." त्याने कागद बाजूला सारले आणि आळोखेपिळोखे दिले. "खरं सांगू? आज कित्येक वर्षांनी इतकं हलकं वाटतंय. काही डोकंच लावावंसं वाटत नाही."

कुठूनतरी आवाज आला. ओल्या फरशीवर रबरी तळव्याचा बूट घासल्यावर येतो तसा, बारीक, किंचाळल्यासारखा. एकदाच.

फरशी कोरडी होती. ऑफिसात सगळे मऊ चपला घालत.

"कोच!" दादा ओरडला. "खुर्चीला तेल द्या हो!"

४

दिवेलागणीला दोघं घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"हात-पाय धुवा. पाहुण्यांना बसायला सांग गं."

"कुठले पाहुणे?"

आई वळली. दोघांकडे पाहिलं, मग दोघांच्या मागे दाराकडे. "तिघांची पावलं वाजली जिन्यात."

"समोरचे काका असतील," दादा म्हणाला आणि नळाखाली डोकं धरून मोकळा झाला.

आईने क्षणभर वाट पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "कालपर्यंत जिन्यात मांजर आलं तरी यालाच आधी कळायचं. आज पाठोपाठ कोणी जिना चढलं तरी याला पत्ता नाही. दुपारी फोनवर म्हणतो कसा, आई, आज मी दिवा घालवून झोपणार. हा! लहानपणापासून दिवा घालवला तर रडून घर डोक्यावर घ्यायचा."

"मोठा झाला, आई."

"एका दिवसात?"

धाकटीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. एका दिवसात. तिला तिचं स्वतःचंही आठवलं. दुपारी कोच तिच्या खांद्याशी येऊन उभे होते, म्हणे, पाच मिनिटं. त्यांनी कागदाचा बोळा डोक्यात मारला तेव्हा कुठे तिला कळलं. आणि आता जिन्यात तिसऱ्याची पावलं वाजली, ती आईला ओट्याशी ऐकू आली. जिन्यात असलेल्या तिला नाही.

योगायोग म्हणजे काय, हे ती सहा वर्षं शिकली होती. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही. हे वाक्य तिने अंथरुणात पडून दोनदा म्हटलं. मग तिला नकला आठवल्या.

पाच कार्डं, पाच नकला. म्हणजे एक टीम नकलांची. आणि दुसरी?

दुसरी मूळ कार्डांचीच होती. शून्य तिने मूळ कार्डांवर घातलं होतं, आणि सामने सुरू करण्याआधी जतन केलं होतं.

शेजारच्या खोलीत अंधार होता. दादा शांत घोरत होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचं ऊन मधल्या खोलीत फरशीभर पसरलं होतं. बाहेर कोच फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होते. दादा खिडकीशी, पाठमोरा, गुणगुणत.

धाकटीने त्याच खोलीत, दादाकडे पाठ असलेल्या आपल्या टेबलावर कार्डं उघडली. पाचही ठिकाणी शून्य.

आधी तिने दादाच्या कार्डाची एक नक्कल काढली आणि बाकीचे आकडे एकेक करून बदलून पाहिले. वेग नव्याण्णव केला : दहा हजारांत सदतीस सामने अपुरे. दमसास नव्याण्णव : सदतीस. उंची एक हात वाढवली : सदतीस. असा आकडाच नव्हता की जो वाढवल्याने चार क्रमांकाची मिनिटं पुरी होतील. अंगठ्याने तिने टेबलाची कड इतकी घट्ट दाबली होती की नख पांढरं पडलं.

मूर्खपणा आहे, ती स्वतःला म्हणाली. कार्डावरच्या आकड्याने माणसाला काही होत नाही. हेही पडताळता येतं. आणि पडताळा आधी स्वतःवर करायचा असतो.

तिने क्रमांक सातच्या चाहुलीत नव्वद लिहिलं. जतन केलं.

क्षणभर काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. कोच म्हणत होते, "अहो, तसं नाही, ऐकून तर घ्या." तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या मधोमध मानेमागची हवा जड झाली.

खोलीत तिघं होती.

हे तिला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. भिंतीशी उभं असताना कळलं होतं तसं कळलं. आणि जे होतं ते तिच्या मागे नव्हतं. दादाच्या खुर्चीमागे होतं, अगदी जवळ, खांद्यावरून वाकून वाचणारा माणूस उभा राहतो तेवढं जवळ. वाट बघत होतं. घाई नव्हती त्याला.

बारीक, किंचाळता आवाज. रबरी तळवा किंचित पुढे सरकला.

"दादा," ती म्हणाली. "दादा, चल, घरी जाऊ."

"आत्ता? अकरा वाजलेत, पंडितबाई. डोकं दुखतंय का?"

घरी. पण जिन्यात तिघांची पावलं वाजली होती.

तिने चार क्रमांकाचं कार्ड पुढ्यात घेतलं. चाहुलीच्या रकान्यात शून्य. तिथे चौऱ्याण्णव लिहिलं की दादाला कळेल. कळायलाच हवं. जो आकडा काही करतो तो लपवायचा नाही; हे तिचंच म्हणणं होतं, याच खोलीत, आवाज चढवून सांगितलेलं. तिने नऊ लिहिला. मग चार.

जतन करायचं बटण तेवढं दाबायचं होतं.

आणि तिला दादा दिसला; आत्ताचा नाही, सगळ्या वर्षांचा. भिंतीला पाठ लावून जेवणारा. दिवा लावून झोपणारा. रिकाम्या खोलीत न वळता "ये" म्हणणारा, कारण तसं म्हटलं की मागे जे आलंय त्याला थोडं थांबवल्यासारखं वाटत असेल. किती वर्षं तो मागे पाहत होता! आणि काल रात्री, जन्मात पहिल्यांदा, तो अंधारात झोपला होता.

शून्याला सदतीस. नव्याण्णवलाही सदतीस. मधे उरतात त्या एवढ्याच ओळी : मागे पाहिलं, मागे पाहिलं, मागे पाहिलं.

"काय गं," दादाने न वळता विचारलं. "झाला का तुझा पडताळा? पडतो का त्या आकड्याचा काही फरक?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने नऊ खोडला. चार खोडला. शून्य लिहिलं.

"नाही, दादा. काही फरक पडत नाही."

"मी म्हणत होतोच," तो समाधानाने म्हणाला, आणि पुन्हा गुणगुणायला लागला. बालपणीची, अंगणात घोडा-घोडा खेळताना म्हणायची ती निरर्थक चाल.

तिने स्वतःचं नव्वद मात्र तसंच राहू दिलं. घरातल्या एकाला तरी कळत राहायला हवं होतं. तिने खुर्ची फिरवली नाही. शेजारचं एक मशीन बंद होतं. त्याच्या काळ्या पडद्यात खिडकीचा उजेड, दादाचं डोकं, त्याचे दोन खांदे दिसत होते. उजव्या खांद्याच्या वर, कॉलरच्या रेषेजवळ, उजेड थोडा कमी होता. त्या कमी उजेडाला चार बोटं होती असं तिला वाटलं, आणि तिने डोळे समोर, स्वतःच्या पडद्यावर रोवले. वळायचं नाही.

तिचा हात आपोआप वर झाला होता. दंडापासून ताठ, भिंतीशी उभं असल्यासारखा.

बाहेर कोचचा फोन संपला. ते दारात आले. कंटाळा आला की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. कागद चुरगळला, बोळा केला.

"काय गं, तू कोणाला हात दाखवतेयस?" ते तिला म्हणाले, आणि मग खिडकीकडे, "ए चार नंबर! घे!"

"नको!" ती ओरडली. निदान ओरडायला तिने तोंड उघडलं.

बोळा तिच्या डोक्यावरून गेला. खुर्ची करकरली, तळहातावर कागद आपटल्याचा आवाज आला, आणि दादा हसत म्हणाला, "घेतला!"

पुढची चाल त्याने म्हटली नाही.

ती हात वर करून बसून राहिली. मानेमागची हवा हळूहळू हलकी झाली. मग फार हलका आवाज आला. कागदाचा बोळा फरशीवर पडून थोडा घरंगळल्याचा.

"अगं, हात खाली घे," कोच दारातूनच म्हणाले. खिडकीशी खुर्ची अजून फिरत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि टोपलीबाहेर पडलेला बोळा उचलावा तसा खाली वाकून तो बोळा उचलला. "एकटीच बसतेस ना इथे, म्हणून घाबरतेस. उद्यापासून ते खिडकीजवळचं टेबल घे. उगाच रिकामं पडलंय."